लाव्ह्याच्या काठावरून समुद्राकडं

नांदेडहून नायगाव, नरसी करत बिलोलीकडं निघालं की खिडकीबाहेर बराच वेळ एकच रंग असतो. कपाशी असो, तूर असो, नाहीतर सोयाबीन निघून मोकळं पडलेलं रान असो, खाली माती काळी. बिलोली जवळ आली की हा काळेपणा विरायला लागतो. एखादं शेत तपकिरी, पुढचं तांबूस, बांधावरचे दगड वेगळ्याच जातीचे. देगलूरच्या अंगाला गेलं तर माळावर भलेथोरले गोल धोंडे एकावर एक बसलेले दिसतात, गोवळकोंड्याभोवती दिसतात तसलेच.

भूगर्भशास्त्राच्या नकाशावर या पट्ट्यातून एक वेडीवाकडी रेघ जाते. रेघेच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून ओतलेला आणि थिजलेला लाव्हा. पूर्वेला ग्रॅनाइट आणि त्याचे भाऊबंद, वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरातलं. सह्याद्रीत या लाव्ह्याचे थर हजारो फूट चढलेले आहेत. पूर्वेकडं येता येता ते पातळ होतात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल बोअर मारली, तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, त्याखाली आठेक मीटर गाळ लागला आणि मग जुना खडक. बिलोली-देगलूरच्या शिवारात हीच जाडी शून्यावर येते. घाटमाथ्यापासून आपल्या पायाखाली असलेला दगड इथं रजा घेतो.

बिलोली तालुक्यातल्या एका गावात माझे शाळेतले भूगोलाचे सर राहतात. निवृत्त झाले तरी शिकवायची सवय गेलेली नाही. बिलोलीतली सर्फराजखानाच्या नावाची जुनी दगडी मशीद धावती बघून झाली आणि त्यांनी मला थेट मांजरेच्या काठावर नेलं. पल्याड तेलंगण. नदीत पाणी जेमतेम, कडेला टिपरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या. इथली रेती दूरदूरच्या बांधकामांवर जाते आणि तिच्यावरून राजकारणही बरंच चालतं, तो विषय सरांनी एका शिवीत संपवला. मग मूठभर रेती उचलून ओली केली आणि तळहातावर पसरली.

"काय दिसायलंय सांग."

काचेसारखे पारदर्शक कण, काही दुधी, बरेच फिक्या गुलाबी रंगाचे, चपट्या चकचकीत बाजू असलेले. काळा कण शोधून काढावा लागला. मांजरा उगवते बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात, लातूरकडून येते, म्हणजे निम्म्याहून जास्त वाट काळ्या दगडावरून. पण त्या वाटेनं रेती फारशी येत नाही. बेसाल्ट कुजला की त्याची चिकणमाती होते, आपली काळी. त्यात गारगोटीचा कण जवळपास नसतोच. ही गुलाबी, कणीदार रेती ग्रॅनाइटच्या मुलखाची. नदीच्या एका मुठीत लाव्ह्याचा शेवट वाचता येतो, हे मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नव्हतं.

लाव्हा मात्र इथं थांबला नव्हता. आज दिसते ती त्याची झिजलेली किनार. मूळ पसारा याच्या बराच पुढं गेलेला होता आणि त्याचा पुरावा सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरहून जास्त अंतरावर आहे. मधल्या निजामाबाद, करीमनगर, वारंगळ या वाटेवर बेसाल्टचा मागमूस नाही, आणि एकदम राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या दोन्ही काठांवर, काळ्या दगडाचे छोटे पट्टे पुन्हा डोकं काढतात. स्टीफन सेल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या दगडाचं रसायन तपासलेलं मांडलं. राजमहेंद्रीचा खालचा लाव्हा जुळला आंबेनळीच्या थराशी आणि वरचा महाबळेश्वरच्या थराशी. आंबेनळी म्हणजे आपला पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा घाट. त्या बाजूला उसळलेला लाव्हा जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत हजारएक किलोमीटर गेला आणि बंगालच्या उपसागरात उतरला, असा त्यांचा निष्कर्ष. पृथ्वीवरचे सर्वांत लांब लाव्हाप्रवाह ते हेच असावेत.

म्हणून राजमहेंद्री. समुद्री जिवांवर या लाव्ह्याच्या काळात काय गुदरलं आणि नंतर ते कसे सावरले हे बघायचं, तर लाव्हा आणि समुद्र यांची गाठ पडलेली जागा हवी. महाराष्ट्रात ती मिळत नाही. इकडं दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात सापडतात त्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, तळ्यातल्या शेवाळाची फळं, ताडाची खोडं. १८३० च्या दशकात माल्कमसन नावाच्या मद्रास फौजेतल्या डॉक्टरानं हैदराबाद ते नागपूर रस्त्यावर निर्मळच्या डोंगरात असल्या गोगलगायी गोळा केल्या. निर्मळ म्हणजे बिलोलीहून गोदावरी ओलांडली की आलंच. पुढं नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं तिथं कॉलेज आहे, यांनी १८६० साली नागपूरच्या शंखशिंपल्यांबरोबर राजमहेंद्रीच्या शंखशिंपल्यांचंही वर्णन केलं. नागपूरचे गोड्या पाण्यातले आणि राजमहेंद्रीचे खारट, मचूळ पाण्यातले, हा फरक तेव्हापासून माहीत आहे.

सरांना म्हणालो, चला. ते दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तयार. सीमेवरच्या माणसासारखं त्यांना तेलुगू येतं, हाही माझा स्वार्थ होता.

धर्माबादला मिरचीच्या ठसक्यानं स्वागत झालं. तिथून रेल्वेनं बासर, मग गोदावरी ओलांडून निजामाबाद, सिकंदराबाद. पुढं रात्रीची गौतमी एक्स्प्रेस. पहाटे कोव्वूरनंतर गाडी लांबलचक पुलावर आली, तशी डब्यातली माणसं उठून खिडक्यांशी गेली आणि नाणी पडू लागली. सरांनीही खिशातून रुपया काढला. नांदेडला गोदावरी बघत वाढलेल्या माणसाला हे पात्र बघून बोलणं सुचत नाही. इथून थोडं खाली धवळेश्वरमला आर्थर कॉटननं १८५२ साली बंधारा पुरा केला आणि त्याच्या पाण्यावर सगळा त्रिभुज प्रदेश भाताचा झाला. त्याचा पुतळा लोक अजून हार घालून पुजतात. इंग्रजाची अशी पूजा आपल्याकडं क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल.

शहराला लागून काटेरू आहे, तिथल्या जुन्या खाणी आता घरांनी वेढल्यात. बघायचं ते पलीकडच्या काठावर, गौरीपट्टणम आणि दुड्डुकूरच्या बाजूला. हमरस्त्याच्या कडेनं क्रशर, पांढऱ्या धुळीनं माखलेली झाडं, गिट्टीचे ढिगारे. आपल्याकडच्या कोणत्याही खदानीसारखंच. मुकादमाशी सर तेलुगूत बोलले. दगड न्यायला नाही, नुसता बघायला आलोय, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. जेवणाच्या सुट्टीत बघा, मशीन चालू असताना पुढं जाऊ नका, एवढ्या अटीवर त्यानं सोडलं.

खदानीची भिंत बघून मी गप्प झालो. तळाशी काळा बेसाल्ट, त्याचा माथा कुजून हिरवट-तपकिरी झालेला. त्यावर फिकट पिवळसर चुनखडीचा आणि चिकणमातीचा काही मीटरांचा पट्टा. त्यावर पुन्हा काळा बेसाल्ट, उभ्या चिरा पडलेला. खालचा आंबेनळीचा, वरचा महाबळेश्वरचा, आणि मधल्या पट्ट्यात समुद्र. पट्ट्यातून सुटून पडलेला एक ढेकूळ उचलला. हाताला खडबडीत, एका बाजूनं कालवांच्या शिंपल्यांची कडा एकावर एक चिकटलेली, मधेच पीळदार निमुळत्या शंखाचं टोक मोडून अडकलेलं. नखानं खरवडलं की पीठ सुटत होतं. हे प्राणी खाडीच्या तोंडाशी राहणारे, खारं-गोडं दोन्ही पाणी सोसणारे. खालच्या लाव्ह्याच्याही खाली, दुड्डुकूरला, चुनखडीचा आणखी एक थर आहे. त्यात टरिटेला नावाचे मळसूत्री समुद्री शंख भरलेले आहेत. ते डायनोसॉर संपले त्या प्रलयाआधीचे रहिवासी.

खरी कहाणी मात्र त्या नखाखालच्या पिठात होती आणि ती डोळ्यांना दिसणारी नव्हती. समुद्राच्या पाण्यात तरंगणारे फोरामिनिफेरा हे एका पेशीचे जीव स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधतात आणि मेले की तळाशी साचतात. डायनोसॉरच्या शेवटच्या काळात उष्ण समुद्रांत त्यांच्या कितीतरी नक्षीदार, कंगोरे असलेल्या, आकारानं दांडग्या जाती होत्या. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी त्यांतल्या दहापैकी नऊ नाहीशा झाल्या. जे उरले त्यांत ठळक एक, ग्वेम्बेलिट्रिया. ज्वारीच्या कणसाचा शेंडा मोडून बारीक करत करत केसाच्या जाडीचा करावा, तसे गोल कप्प्यांच्या तीन रांगांचे हे प्राणी. आधी किनाऱ्यालगतच्या गढूळ, बेभरवशाच्या पाण्यात राहणारे, खिजगणतीत नसलेले. मोठे गेले आणि यांनी समुद्र भरून टाकला. त्यांच्यामागून नवी जात निघाली, तिचं नाव पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना. नाव उच्चारेपर्यंत प्राणी संपून जावा, इतका तो लहान. इटलीतल्या गुब्बिओ गावाच्या जुन्या नावावरून १९६४ साली हे नाव ठेवलं गेलं, आणि त्याच गुब्बिओच्या मातीच्या थरात इरिडियम सापडल्यावरून अल्वारेझ पितापुत्रांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली उल्का आदळून प्रलय झाला हा सिद्धांत मांडला.

प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर, लोझानचे थिएरी अडॅट, रुरकीचे सुनील बाजपेयी यांनी २००८ साली या खदानींच्या मधल्या पट्ट्यातून नेमके हेच बुटके जीव काढले. म्हणजे खालचा लाव्हा प्रलयाच्या जवळपास थांबला आणि हा पट्टा प्रलयानंतरच्या पहिल्या काळात साचला. ज्याला शास्त्रज्ञ लिलिपुट परिणाम म्हणतात तोच इथं दिसतो: वाचलेले लहान, त्यांची पिल्लं लहान, आयुष्य भरभर संपवून पुढची पिढी टाकणारे. केलर यांनी पुढं ओएनजीसीच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या विहिरींचे नमुने तपासले. २०११ च्या त्यांच्या मांडणीप्रमाणं पहिल्या मोठ्या लाव्हाप्रवाहानंतरच जवळपास निम्म्या जाती गेल्या, पुढच्या प्रवाहांच्या मधल्या अवधीत काही सावरलं नाही, आणि शेवटच्या प्रवाहाशी उरलेल्याही संपल्या. नंतर काही लाख वर्षांनी वरचा, महाबळेश्वरचा लाव्हा आला. तो थांबल्यानंतर कुठं हे जीव आकारानं वाढले आणि त्यांच्यात विविधता आली.

हे ऐकून सर चिडले. खदानीच्या सावलीत दशम्या सोडून बसलो होतो.

"म्हणजे आपल्या काळ्या मातीवर खुनाचा आळ घ्यायलास व्हय रे?"

आळ मी घेत नव्हतो. बहुसंख्य शास्त्रज्ञ अजून मेक्सिकोतल्या चिक्शुलुबच्या उल्केलाच मुख्य आरोपी मानतात आणि केलर यांचा पक्ष अल्पमतात आहे. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एकाच अंकात दख्खनच्या लाव्ह्याची कालगणना करणारे दोन निबंध आले, तर त्यांतही लाव्हा कधी किती सुटला यावर मतभेद. शिवाय उल्का पडली त्या विवरातच २०१८ साली दिसलं की काही वर्षांतच तिथं जीव परतले आणि ३० हजार वर्षांत तो भाग चांगला भरभराटीला आला. आघाताच्या ऐन तोंडाशी जीव इतक्या लवकर परततात, आणि इथं हजारो किलोमीटर दूर काही लाख वर्षं बुटकेच राहतात. मला वाटतं सावरण्याचा वेग सगळीकडं एक नव्हताच. किती मेलं यापेक्षा त्यानंतर त्रास चालू राहिला की थांबला, यावर पुढचं ठरलं. राजमहेंद्रीच्या समुद्रात धूर, राख आणि आम्लाचा पाऊस पुन्हा येणार होता. एकदाचा फटका आणि रोजचा जाच यांत फरक आहे, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

जगभरच्या समुद्रात प्लवकांच्या, म्हणजे असल्या तरंगत्या जिवांच्या, जातींची संख्या पूर्वीइतकी व्हायला साधारण एक कोटी वर्षं लागली. पण ती पूर्वीचीच मंडळी नव्हती. सरांच्या देवघरात गंडकीचा शाळिग्राम आहे, चक्र उमटलेला. तो अमोनाइट, म्हणजे शंखवाल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, ज्युरासिक काळातला. अमोनाइट हे सावरण्यात मोठे वस्ताद. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या सर्वांत भयंकर प्रलयात त्यांचं कुळ बुडता बुडता राहिलं, आणि वीस लाख वर्षांच्या आत इतर कोणाहीपेक्षा जोमानं पसरलं. स्पितीच्या दऱ्यांत त्या काळच्या अमोनाइटांचे थर बघायला जगभरचे अभ्यासक येतात. ट्रायसिकच्या शेवटी पुन्हा तसंच, दोन-चार वंश उरले आणि त्यांतून शाळिग्राम झाले. तिसऱ्या खेपेला मात्र जमलं नाही. त्यांचा चुलतभाऊ नॉटिलस तगला. अमोनाइटांची पिल्लं अगदी बारीक, वरच्या पाण्यात प्लवकांबरोबर तरंगणारी. वरचं पाणीच उजाड झालं, तर ती जगणार कशी? नॉटिलस मोजकी, मोठी, बलकानं भरलेली अंडी खोल पाण्यात घालतो. कारण एवढंच असेल असं नाही, पण हे कारण मला पटतं.

"म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरेच बसले," सर म्हणाले.

दुसरेच. प्रलयानंतरच्या समुद्राच्या गाळात शार्कच्या खवल्यांच्या तुलनेत हाडांच्या माशांच्या दातांचं प्रमाण एकदम वाढतं. आज बाजारात मिळणारे बहुतेक मासे त्या वाढलेल्या घराण्यांतले. आणि आणखी दीडएक कोटी वर्षांनी जमिनीवरचा एक खुरवाला प्राणी पाण्यात उतरून देवमासा झाला, तोही भारतीय उपखंडाच्या किनाऱ्यावरच. कच्छमधल्या त्या जुन्या देवमाशांवर ज्यांनी काम केलं त्यांत हेच सुनील बाजपेयी आहेत. समुद्रातून मोठे सरपटणारे प्राणी गेले नसते, तर त्या खुरवाल्याला पाण्यात कोणी पाय ठेवू दिला असता का, कोण जाणे.

सुट्टी संपत आली. मुकादम आमच्याकडं येऊन बसला आणि त्यानं काय सापडलं म्हणून विचारलं. सरांनी ढेकळातली कालवं दाखवली. त्याला नवल वाटलं नाही. लहानपणापासून बघतोय, म्हणाला. पूर्वी हा पांढरा थर चुन्यासाठी काढत, म्हणून शेजारच्या एका खदानीचं नावच सुन्नम. आता मागणी काळ्या गिट्टीला, मधला पांढरा माल उलट आडवा येतो, तो बाजूला टाकावा लागतो. बाहेर गेलो तर टाकलेल्या मालाचा ढीग दिसला, त्यावर एरंड उगवलेला.

परतताना रिक्षात सरांनी नकाशा मांडीवर पसरला. मी त्यांना झिलमिलीचं सांगितलं होतं. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, दोन लाव्ह्यांमधल्या गोड्या पाण्याच्या गाळात त्याच केलर-बाजपेयी मंडळींना २००९ साली हेच बुटके समुद्री जीव सापडले. तरंगणारे प्राणी तिथं चालत जाणार नाहीत. म्हणजे प्रलयानंतर थोडा काळ समुद्राचा एखादा फाटा नर्मदेच्या नाहीतर गोदावरीच्या खचदरीतून वर शिरला असला पाहिजे.

"गोदावरीतून म्हणजे आपल्याकडनं?"

"नाही सर. खचदरी प्राणहितेच्या बाजूनं वर जाते, चंद्रपूरकडं. बिलोली वाटेवर येत नाही."

त्यांनी बोटानं राजमहेंद्रीपासून नदी धरली, प्राणहितेचा संगम ओलांडून पश्चिमेला सरकत कंदकुर्तीच्या मांजरा संगमापर्यंत आले आणि तिथं बोट ठेवून बराच वेळ हिशेब केला. शेवटी म्हणाले, "अंतर काई फार नाही. छिंदवाड्याला संत्र्याच्या दिवसात जाऊ, नागपूरवरून. तोवर हे कुणी तपासलंय का बघून ठेव."